आजीने दिलेला चार्ज : आठवणी ध्वनिमुद्रित करून ग्रंथ तयार करून देणाऱ्या सेवेचा अनुभव

आमची आजी सदतीस वर्षे परिचारिका होती आणि निवृत्त झाल्यावर ती आमची आजी झाली, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. प्रत्यक्षात तिचे पहिले नातवंड जन्मले तेव्हा तिच्या नोकरीची बारा वर्षे शिल्लक होती आणि आम्हा पाचही भावंडांची बालपणे तिच्या पाळ्यांच्या वेळापत्रकात बसवलेली होती. हे मला नीट उमगले ते तिच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी आम्ही घेतलेल्या एका सेवेमुळे. ही सेवा वृद्ध व्यक्तीच्या आठवणी घरी येऊन ध्वनिमुद्रित करते, त्या शब्दांकित करते, जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे स्कॅन करते आणि या सगळ्याचा एक छापील ग्रंथ करून देते. काम पाच महिने चालले आणि ग्रंथ हाती आला तेव्हा आजी नव्हती. त्यामुळे हे परीक्षण मी अलिप्तपणे लिहिले आहे असे म्हणणार नाही. मात्र अशा सेवा देणारे आता अनेक जण आहेत, ज्यांच्या घरी आयुष्यभर रुग्णसेवा केलेली आई किंवा आजी आहे त्यांना ही सेवा घ्यावीशी वाटू शकते, आणि त्यांनी ती घेण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात, यासाठी गुण आणि दोष दोन्ही सविस्तर नोंदवत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही.

ठरलेल्या कामात दीड-दीड तासाच्या आठ बैठका, चाळीस छायाचित्रांचे स्कॅनिंग, मजकुराचे एक वाचन आणि ग्रंथाच्या दहा प्रती एवढे होते. प्रत्यक्षात अकरा तासांचे ध्वनिमुद्रण झाले, त्याची टंकलिखित पाने साडेतीनशेच्या आसपास भरली आणि त्यांतून १४४ पानांचा ग्रंथ उभा राहिला. बोलणे कागदावर उतरवण्याच्या कामाला किती वेळ लागतो याची कल्पना नसणाऱ्यांना पाच महिने जास्त वाटतील. स्पष्ट उच्चारातले एक तासाचे बोलणे शब्दशः उतरवायलाही चार तास सहज लागतात, आणि आजीचा आवाज शेवटच्या दिवसांत क्षीण झाला होता. विलंबाबद्दल म्हणूनच माझी तक्रार नाही.

पहिली तक्रार प्रश्नावलीबद्दल आहे. पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी आलेल्या प्रश्नावलीत बासष्ट प्रश्न होते आणि त्यांतले चार नोकरीविषयी होते. लहानपणीचे खेळ, भावंडे, लग्न, पहिले मूल, नातवंडांना द्यायचा संदेश, या क्रमाने प्रश्न पुढे सरकत होते. जणू एखाद्या स्त्रीचे आयुष्य घराच्या खोल्यांमधून हिंडूनच पाहायचे असते आणि नोकरी ही त्या घराची एक बाजूची खिडकी असते. शिवाय आयुष्याच्या प्रत्येक दशकाला सारखेच प्रश्न वाटून दिले होते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे ठाऊक आहे की उतारवयातील माणसांच्या आठवणी आयुष्यभर सारख्या पसरलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक दाट आणि अधिक ठसठशीत असतात. आजीच्या बाबतीत हा काळ म्हणजे परिचर्येच्या प्रशिक्षणाची वर्षे आणि वॉर्डातली पहिली वर्षे. तिच्या स्मृतीचा सर्वांत समृद्ध भाग प्रश्नावलीत जवळजवळ मोकळा होता. आम्ही नातवंडांनी मिळून वीस प्रश्न नव्याने लिहून दिले आणि संस्थेने ते विनातक्रार स्वीकारले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. तरी सेवा घेणाऱ्यांनी प्रश्नावली आहे तशी मान्य करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मुलाखत घेण्यासाठी येणाऱ्या ताई तिशीच्या, शांत आणि अभ्यासू होत्या. पहिल्या दोन बैठका तरीही कोरड्या गेल्या. ध्वनिमुद्रक आजीच्या समोर, टेबलाच्या मधोमध ठेवलेला असे, आणि आजी त्याच्याकडे पाहत, निरोपसमारंभातल्या भाषणासारखी वाक्ये बोलत असे. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी ताईंनी प्रामाणिकपणे विचारले, "आजी, माझं काही चुकतंय का?" तेव्हा आजीने जे सांगितले ते मी येथे पूर्ण देते, कारण पुढची सगळी मुलाखत त्यामुळे बदलली. ती म्हणाली, "नाडी मोजताना रुग्णाला सांगितलं तरी चालतं. श्वास मोजताना सांगायचं नसतं. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, नजर छातीवर ठेवायची आणि श्वास मोजायचे. तुम्ही माझा श्वास मला सांगून मोजताय."

तिसऱ्या बैठकीला ताईंनी ध्वनिमुद्रक बाजूच्या कपाटावर ठेवला, आजीच्या कपड्यांना छोटा मायक्रोफोन लावला आणि एकही प्रश्न न विचारता तिच्यासमोर बँडेजच्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. आजीचे हात आपोआप पट्ट्या गुंडाळू लागले आणि ती बोलू लागली. त्या दिवशी तिने ताईंना पहिल्यांदा "अगं" म्हटले. या सेवेचे मूल्यमापन करायचे तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण हाच आहे की मुलाखत घेणारी व्यक्ती शिकायला तयार होती. यंत्रसामग्री, कागद, बांधणी यांतले दोष नंतर दुरुस्त करता येतात, ऐकणाऱ्याचा स्वभाव दुरुस्त करता येत नाही. सेवा ठरवण्याआधी, मुलाखत घ्यायला नेमके कोण येणार आहे ते विचारा, त्या व्यक्तीशी अर्धा तास बोला आणि मगच होकार द्या.

त्या बैठकीपासून वस्तूंना धरून बोलण्याची पद्धत पडली आणि तिचा फायदा किती झाला ते ग्रंथाच्या मधल्या साठ पानांत दिसते. काचेची सिरिंज हातात दिल्यावर आजीने सांगितले की त्या काळी प्रत्येक सिरिंजच्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच क्रमांक कोरलेला असे, कारण दोन्ही एकमेकांत घासून बसवलेले असत आणि एकीचा दट्ट्या दुसरीत घातला तर औषध मागून गळे. उकळून काढलेल्या सिरिंजांच्या जोड्या जुळवणे हे नव्या मुलींचे काम असे, आणि बोथट झालेल्या सुया दगडावर घासून, कापसाच्या बोळ्यावर ओढून पाहाव्या लागत. कापसाचा तंतू अडकला की सुई पुन्हा घासायची, कारण तो तंतू म्हणजे कोणाच्या तरी दंडाला होणारी वेदना. ड्रेसिंगच्या साहित्याचा ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावताना १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाब यांवर काटा आल्यावरच वेळ मोजायला सुरुवात करायची, बटण दाबल्यापासून नाही, हे वाक्य तिने अकरा तासांत तीन वेळा सांगितले आहे. संपादकांनी ते तिन्ही ठिकाणी राहू दिले. पुनरुक्ती काढून टाकणे सोपे होते. परंतु एखादी गोष्ट ती तीनदा सांगते यावरूनच तिला ती किती महत्त्वाची वाटत होती ते समजते, आणि हा निर्णय घेणाऱ्या संपादकांच्या जाणकारीची मला कदर वाटते.

याच भागात आणखी एक प्रसंग आहे. ताईंनी नोकरीतला अविस्मरणीय अनुभव विचारला. आजीने क्षणभर विचार करून सांगितले की नऊ नंबरच्या खाटेवर चार महिने अंथरुणाला खिळलेला एक रुग्ण होता आणि तो घरी गेला तेव्हा त्याच्या अंगावर एकही बेड सोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, नव्हता. ध्वनिमुद्रणात यानंतर बराच वेळ शांतता आहे, कारण ताई पुढची गोष्ट ऐकण्याची वाट पाहत आहेत. पुढे काही नव्हते. मग आजीने समजावून सांगितले, की हलता न येणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, माकडहाड, टाचा, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात तपासावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, आणि हे दिवसातून बारा वेळा, तीन पाळ्यांत मिळून, कोणाचीही एक खेप न चुकता व्हावे लागते. मी नंतर हिशेब केला. चार महिन्यांच्या चौदाशे चाळीस खेपा होतात. रुग्णसेवेतील समर्पण या शब्दाचा अर्थ मला याहून नेमका कोणी सांगितलेला नाही, कारण अशा कामाच्या यशाची खूण म्हणजे तिथे काहीही न होणे ही असते, आणि जे झाले नाही त्याची आठवण ते काम करणाऱ्या माणसाखेरीज कोणालाच राहत नाही.

म्हणूनच ग्रंथाच्या पहिल्या मसुद्याला जोडलेली प्रस्तावना वाचून मला वाईट वाटले. संस्थेच्या लेखकाने तिच्यात आजीला सेवेची मूर्ती, त्यागाची देवता, दिव्याची वात अशी विशेषणे लावली होती. आजीने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "मूर्ती ड्यूटी करत नाही. मी पगार घेऊन काम केलं आणि ते नीट केलं, असं लिहा." फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा उल्लेख त्या प्रस्तावनेत हातातल्या दिव्यापुरता होता. आजीला नाइटिंगेल यांच्याविषयी अपार आदर होता, तो वेगळ्या कारणासाठी. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धाच्या काळात तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या या बाईंनी मृत्यूंच्या नोंदी व्यवस्थित ठेवल्या आणि सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी अधिक मरत आहेत हे आकड्यांनी व आकृत्यांनी दाखवून दिले, ही गोष्ट प्रशिक्षणात शिकवणाऱ्या मेट्रनबाईंनी आजीच्या मनावर बिंबवली होती. "दिवा सगळ्यांना आठवतो, तिची वही कोणाला आठवत नाही," असे ती म्हणाली. संस्थेने प्रस्तावना मागे घेतली आणि तिच्या जागी आजीचे हे बोलणे जसेच्या तसे छापले. मागणी केल्यावर बदल केला गेला, हे खरे. पण अशी तयार विशेषणे प्रत्येक परिचारिकेच्या ग्रंथाला लावली जात असतील तर तो त्या स्त्रियांवर अन्याय आहे आणि संस्थेने ही सवय सोडावी.

आता एका गंभीर मुद्द्याकडे येते. परिचारिकेच्या आठवणींमध्ये इतर माणसांची आजारपणे असतात आणि ती तिच्या मालकीची नसतात. रुग्णाची खासगी माहिती जपण्याचे बंधन परिचारिका घेतात त्या १८९३ च्या नाइटिंगेल प्रतिज्ञेत स्पष्ट शब्दांत आहे, आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये प्रथम स्वीकारलेल्या आचारसंहितेच्या परंपरेतही ते आहे, आणि आजी ते निवृत्तीनंतर चोवीस वर्षांनीही पाळत होती. तिने अकरा तासांत एकाही रुग्णाचे नाव घेतले नाही. तिला नावे आठवत होती, हे मला तिच्या थांबण्यावरून कळत असे; तोंडाशी आलेले नाव ती गिळून टाकी आणि खाटेचा क्रमांक सांगे. संस्थेच्या कराराच्या मसुद्यात मात्र या प्रश्नाचा विचारच नव्हता. उलट, मुलाखतीतले निवडक अंश संस्थेला प्रसिद्धीसाठी वापरता येतील असे एक कलम होते, ते आम्ही सही करण्यापूर्वी काढायला लावले.

त्याहून अवघड प्रसंग पुढे आला. एका दुर्मिळ आजाराच्या रुग्णाबद्दल बोलताना आजीने त्याचा व्यवसाय आणि कुटुंबातली एक घटना सांगितली होती. नाव नव्हते, तरी ओळखणाऱ्याने ओळखले असते. वाचनाच्या वेळी ते ध्यानात येताच तिने तो परिच्छेद काढायला सांगितला. छापील मजकुरातून तो लगेच काढला गेला, परंतु मूळ ध्वनिमुद्रण अखंड ठेवणे हे आमचे धोरण आहे असे सांगून संस्थेने तो भाग ध्वनिफितीतून वगळायला नकार दिला. अभिलेखाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आजीच्या दृष्टीने मात्र त्या रुग्णाला दिलेला शब्द संस्थेच्या धोरणाच्या आधीचा होता. तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर तो सहा मिनिटांचा भाग त्यांच्याकडच्या प्रतीतून पूर्णपणे पुसला गेला आणि तसे लेखी मिळाले. रुग्णसेवेत काम केलेल्या कोणाच्याही आठवणी नोंदवून घेणार असाल तर काय छापायचे, काय नुसते ध्वनिमुद्रणात ठेवायचे आणि काय कायमचे पुसायचे हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्या व्यक्तीकडे राहील, असे करारात आधीच लिहून घ्या. आजी त्या तीन आठवड्यांत नीट झोपली नाही, आणि तिच्या उरलेल्या थोड्या दिवसांतले ते तीन आठवडे होते, हे मी विसरू शकत नाही.

शब्दांकनाचा दर्जा घरगुती भागात चांगला आणि वैद्यकीय भागात कच्चा होता. "किडनी ट्रे"चे "किडनी तरी", "टी.पी.आर. चार्ट"चे (म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसनाच्या तक्त्याचे) "टिपर चार्ट" असे झालेले आम्हाला सुधारता आले. एक चूक मात्र धोकादायक होती. नवजात बाळाची हृदयगती, श्वसन, स्नायूंचा ताण, उद्दीपनाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन जन्मानंतर लगेच बाळाची अवस्था मोजण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये मांडली, तिला अपगार स्कोअर म्हणतात; हे गुण आता पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला देतात. आजी म्हणाली होती, "बाळाचा अपगार तीन होता, पाचव्या मिनिटाला आठ झाला." मसुद्यात सर्वत्र "अपगार"चे "अपघात" झाले होते, आणि एका ठिकाणी तर शब्दांकन करणाऱ्याने अर्थ लागत नाही म्हणून "प्रसूतीच्या वेळी अपघात झाला" असे वाक्य स्वतःच पूर्ण केले होते. ज्या रात्री एक निळे पडलेले बाळ आजीच्या हातात रडू लागले, त्या रात्रीची नोंद या वाक्यामुळे नेमकी उलटी झाली होती. संस्थेने वैद्यकीय शब्द ओळखणाऱ्या व्यक्तीकडून मजकूर तपासून घ्यायला हवा. ते होत नसेल तर घरच्यांनी ध्वनिमुद्रण ऐकत ऐकत प्रत्येक पान तपासावे.

तांत्रिक बाबींबद्दल थोडक्यात लिहिते. प्रशिक्षणाच्या तुकडीचा सहा बाय नऊ सेंटिमीटरचा एकमेव फोटो त्यांनी ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केला. त्यातून साधारण ७०० बाय १०६० ठिपके मिळतात आणि पानभर छापल्यावर चेहरे पुसट होतात. अडीच पट मोठा करून तसाच सुस्पष्ट छापायचा तर ७५० डीपीआय तरी लागतात. दुसऱ्यांदा १२०० डीपीआयने स्कॅन केल्यावर मागच्या रांगेतली, टोपी किंचित तिरकी असलेली एकोणीस वर्षांची मुलगी आजी आहे हे आम्हाला प्रथमच कळले. इतकी वर्षे आम्ही तिच्या शेजारच्या मुलीला आजी समजत होतो. ध्वनिमुद्रण प्रथम संकुचित एमपीथ्री स्वरूपात मिळाले. मागितल्यावर ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटच्या मूळ डब्ल्यूएव्ही फाइल मिळाल्या. त्या तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतात, पण आवाजातला थरकाप आणि श्वास त्यांत शाबूत राहतो. ग्रंथाची बांधणी दोऱ्याने शिवलेली आहे, पाने सपाट उघडतात, कागद आम्लमुक्त आहे. याबाबत काही उणे नाही.

वाचनाची बैठक हा या सेवेचा सर्वांत सुंदर भाग आहे आणि तो कोणीही वगळू नये. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच असे मांडले होते की वृद्धांचे मागे वळून पाहणे हे बुद्धीच्या ऱ्हासाचे लक्षण नसून जगून झालेल्या आयुष्याची जुळवाजुळव करण्याची स्वाभाविक प्रक्रिया आहे. पुढे हार्वे चोचिनोव्ह यांनी मरणासन्न रुग्णांसाठी तयार केलेल्या उपचारपद्धतीत त्यांचे बोलणे लिहून, संपादित करून त्यांनाच परत वाचून दाखवले जाते. संस्थेची पद्धत या विचाराशी जुळणारी आहे. आजीचे डोळे अधू झाल्यामुळे ताईंनी दोन दिवसांत संपूर्ण मजकूर तिला वाचून दाखवला. आजी डोळे मिटून ऐकत होती आणि मधूनच बोट वर करून दुरुस्ती सांगत होती. एका पानावर तिने आपल्याच एका सहकारी परिचारिकेबद्दल वापरलेला कठोर शब्द बदलायला लावला. "तेव्हा मी तरुण होते, ती थकलेली होती," एवढेच ती म्हणाली.

ठरलेल्या आठ बैठका संपल्यावर आजीने स्वतःहून आणखी एक मागितली आणि संस्थेने ती आनंदाने दिली. त्या बैठकीत तिने चार्ज दिला. पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला खाटेगणिक सांगते, की रुग्ण कसा आहे, काय केले, काय करायचे राहिले आणि कशाकडे लक्ष ठेवायचे. त्याच पद्धतीने, त्याच सपाट आवाजात तिने आमच्या घरातल्या प्रत्येकाचा चार्ज दिला. थोरला नातू दुखणे सांगत नाही, त्याच्या चालण्याकडे बघायचे. धाकटीला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगायचे. माझ्या आईला एकटीला रुग्णालयात थांबायला लावायचे नाही. माझ्या वेळी ती म्हणाली, "हिचा ताप रात्री चढतो. संध्याकाळी उतरला म्हणून फसायचं नाही. दोन वाजता बघायचं." स्वतःच्या वेळी तिने दोन औषधांची नावे सांगितली, नळ्या लावायच्या नाहीत हे सांगितले आणि "बाकी काही राहिलं नाही" म्हणून थांबली. ग्रंथात हे प्रकरण साडेतीन पानांचे आहे. संपादकांनी त्यातला एकही शब्द बदललेला नाही, आणि बाकी सगळे दोष धरूनही मी ही सेवा घ्या असे सांगते ते या साडेतीन पानांसाठी.

त्यानंतर सहा आठवड्यांनी ती गेली, आणि महिनाभराने ग्रंथाच्या प्रती आल्या. त्यांत माझी शेवटची तक्रार होती. आजीने आमच्या आजारपणांच्या नोंदी चौकटीच्या कागदावर, वॉर्डातल्या तक्त्यासारख्या आलेख काढून ठेवल्या होत्या. दिवसाच्या नोंदी निळ्या शाईने आणि रात्रीच्या लाल शाईने करण्याची तिच्या वॉर्डातली रीत तिने घरीही पाळली होती. संस्थेने ती आठ पाने खर्च वाचवण्यासाठी कृष्णधवल छापली आणि सगळे ठिपके एकाच राखाडी रंगाचे झाले. मी तक्रार केल्यावर त्यांनी प्रथम मजकूर तर वाचता येतो असे उत्तर दिले. मग मी त्यांना मूळ कागद पुन्हा पाठवला आणि आजीच्या नोकरीच्या हजेरीची जुनी डायरीही सोबत दिली. ती पाने रंगीत छापून, प्रती पुन्हा बांधून मिळायला दोन महिने लागले, त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्या पानांतले एक माझ्या सहाव्या वर्षीच्या तापाचे आहे. डायरीप्रमाणे त्या आठवड्यात आजीची सकाळची पाळी होती. सात वाजता तिला वॉर्डात हजर राहावे लागे. आलेखावर संध्याकाळी सहाचा ठिपका निळा आहे, ९९.२. रात्री दहाचा लाल, १००.६. दोनचा लाल, १०२.४, आणि त्याच्या पुढे बारीक अक्षरात कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्याची नोंद आहे. तीनचा लाल, चारचा लाल, पाचचा लाल. पाचच्या ठिपक्यापाशी १००.० लिहिले आहे आणि त्याखाली, त्याच लाल शाईत, "झोपली".